माशाची साक्ष

नदीत मासे मेले की पुढे काय काय घडते, हे आता आपल्याला पाठ झाले आहे. सकाळी कोणी तरी बंधाऱ्यावर जातो, पांढरी पोटे वर करून तरंगणारे मासे पाहतो आणि गावात येऊन सांगतो. दुपारपर्यंत गाव काठावर जमते. कोणी साखर कारखान्याचे नाव घेतो, कारखान्याचा माणूस शहराच्या सांडपाण्याकडे बोट दाखवतो, आणि शहरवाले म्हणतात, शेतकऱ्यांनी औषध टाकले असेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रदूषण मंडळाचा कर्मचारी बाटली घेऊन येतो. तोवर जे पाणी माशांच्या कल्ल्यांतून गेले, ते कृष्णेला मिळून कुठल्या कुठे पोहोचलेले असते. बाटलीत भरते ते मागाहून आलेले पाणी, आणि त्या पाण्याचा अपराधाशी काही संबंध नसतो. पंचगंगेच्या तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच गेल्या काही वर्षांत एकदा नव्हे, अनेकदा पडला. प्रत्येक वेळी वाद झाला, आणि वाद विरला की पाण्याबरोबर पुरावाही वाहून गेला.

माझे म्हणणे असे की, या चौकशीत साक्षीदारच चुकीचा निवडला जातो. पाणी हा विसराळू साक्षीदार आहे. जो रात्रंदिवस त्या पाण्यात होता, ज्याने ते श्वासाबरोबर घेतले, त्या माशाला मात्र कोणी विचारत नाही. त्याला टोपलीत भरून पुरून टाकतात.

आपल्या भागात ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण आपल्या नद्या दोन राज्यांच्या आहेत. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी या तिन्ही सह्याद्रीत उगम पावतात आणि महाराष्ट्रातून आपल्याकडे उतरतात. वेदगंगा भोजजवळ दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा पुढे कृष्णेला. हिरण्यकेशी आंबोलीहून निघून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेकडे जाते. काठाने दोन्हीकडे ऊस, सोयाबीन, भाजीपाला, आणि निपाणीच्या काळ्या रानात तंबाखू. एका राज्याच्या शेतात मारलेले औषध एका पावसात दुसऱ्या राज्याच्या पाण्यात येते. प्रदूषण नियंत्रण मंडळे दोन, कृषी खाती दोन, मत्स्य खाती दोन, कागद दोन भाषांत. सीमाप्रश्न सुटायचा तेव्हा सुटो. मासा मात्र बंधाऱ्याचे बरगे काढले की कोणाला न विचारता वर-खाली जातो आणि दोन्हीकडचे विष एकाच अंगात साठवतो.

‘औषध’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी कीटकनाशक हा शब्द क्वचित येतो. तो म्हणतो, “आज वांग्याला औषध मारायचं आहे.” शेजारचा कानडी बोलणारा शेतकरीही ‘औषधी’च म्हणतो. जे प्यायल्याने माणूस मरतो त्याला दोन्ही भाषांनी औषध म्हणावे, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. पण ती समजण्यासारखीही आहे. पिकावर कीड पडलेली असते, कर्ज डोक्यावर असते, आणि दुकानदाराने दिलेली बाटली हाच काय तो वैद्य असतो. एके काळी एंड्रीन आणि फॉलिडॉल ही नावे खेड्यापाड्यांत घरोघर माहीत होती. फॉलिडॉल म्हणजे पॅराथिऑन. १९५८ साली केरळात जहाजातून आलेल्या धान्या-पिठात ते मिसळले जाऊन शंभरावर माणसे दगावली आणि त्या धक्क्यातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. एंड्रीनवर १९९० साली बंदी आली, डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ साली थांबवला गेला, एंडोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले, फोरेट आणि डायक्लोरव्हॉस २०२० च्या अखेरीस. नावे बदलत जातात. पंप पाठीवर घेणारा तोच, पंप ज्या ओढ्यात धुतला जातो तो ओढाही तोच.

आता बाटलीतल्या पाण्याची अडचण पाहू. जुनी क्लोरीनयुक्त विषे चिवट होती. ती गाळात आणि माशाच्या चरबीत वर्षानुवर्षे राहत. त्यानंतर आलेली फॉस्फरसयुक्त विषे, म्हणजे मॅलेथिऑन, क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस यांचे कुळ, त्या मानाने लवकर विघटित होतात. उन्हाने तापलेल्या, थोड्या क्षारयुक्त पाण्यात मॅलेथिऑन काही दिवसांत नाहीसे होते. हा त्यांचा गुण म्हणून सांगितला जातो, आणि एका अर्थी तो आहेही. पण चौकशी करणाऱ्याच्या दृष्टीने तो गुण अपराध्याच्या उपयोगी पडतो. शिवाय मासा मरायला किंवा आजारी पडायला लागणारे प्रमाण फार सूक्ष्म असते. यातली कित्येक विषे लिटरमागे काही मायक्रोग्रॅम एवढ्यानेच माशाला बाधतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे हजार लिटरच्या टाकीत एक मिलिग्रॅम, मिठाचे थोडेसे कण. एवढे पकडणारी यंत्रे मोठ्या शहरांत असतात, तालुक्याला नसतात. आणि महिन्यातून एकदा घेतलेला नमुना त्या एका पावसाच्या तासाला कधीच गाठू शकत नाही.

मग माशाकडे असे काय आहे जे पाण्याकडे नाही? त्याच्याकडे शरीर आहे, आणि शरीरावर खुणा राहतात. शास्त्रज्ञ त्यांना जैविक खुणा म्हणतात. विष निघून गेल्यावरही त्याने शरीरात जी मोडतोड केली ती मोजता येते, एवढाच त्याचा सरळ अर्थ. घरात चोर सापडला नाही तरी तुटलेले कुलूप सापडते.

यातली सर्वांत नेमकी खूण मेंदूत असते. एका मज्जातंतूकडून दुसऱ्याकडे किंवा स्नायूकडे संदेश जाताना अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते. संदेश पोहोचला की ते लगेच मोडून टाकावे लागते, नाही तर स्नायू आखडलेलाच राहील. हे मोडण्याचे काम अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, करते. सोयीसाठी त्याला नुसते कोलिनेस्टरेज म्हणू. फॉस्फरसयुक्त कीटकनाशके नेमकी या विकराला जाऊन चिकटतात आणि बहुधा सुटत नाहीत. मग संदेशावर संदेश साचतात. किडा तडफडून मरतो तो यानेच. मासा सैरभैर पोहतो, अंग वाकवतो, कल्ले भरभर हलवतो, तोल जाऊन कुशीवर पडतो, तेही यानेच. आणि पंप पाठीवर घेतलेल्या माणसाच्या तोंडाला लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात, छाती भरून येते, तेही यानेच. किडा, मासा आणि माणूस यांच्यात हे विकर समान आहे, हे विसरून चालणार नाही.

(निपाणीच्या वाचकाला येथे एक गंमत सांगितली पाहिजे. आपल्या तंबाखूतले निकोटिन याच अ‍ॅसिटिलकोलीनच्या जागी जाऊन बसते. तंबाखूचा काढा फवारून किडी मारण्याची पद्धत जुनी आहे, आणि अलीकडची इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे ज्या गटात मोडतात त्या गटाचे नावच निकोटिनवरून पडले आहे. ज्या पानावर आपले गाव उभे राहिले ते पान स्वतःच एक कीटकनाशक आहे. तरी त्याच्यावर अळी पडतेच आणि तिला मारायला आपण दुसरे आणतो.)

माशाच्या मेंदूतील या विकराची घट पाहून पाण्यातील विषाची बातमी काढता येईल, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत चार्ल्स वाइस यांनी १९५८ साली गोड्या पाण्यातील माशांच्या मेंदूत कोलिनेस्टरेज मोजून हा मार्ग दाखवला. १९६१ साली जॉर्ज एलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजण्याची जी सोपी रीत बसवली तीच आजही जगभर चालते. मेंदूचा छोटा तुकडा थंड द्रावणात वाटायचा, त्यात विकराने मोडावे असे एक द्रव्य आणि रंग देणारे दुसरे द्रव्य घालायचे. विकर धडधाकट असेल तर द्रावण भराभर पिवळे होते, दुखावलेले असेल तर सावकाश. पिवळेपणा वाढण्याचा वेग म्हणजे उत्तर. त्यासाठी ४१२ नॅनोमीटरवर वाचणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर उत्तम. पण योग्य गाळणी असलेल्या साध्या कलरीमीटरवरही काम भागते, आणि तो आपल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे.

या खुणेचे मोल तिच्या टिकण्यात आहे. पाण्यातले विष चार दिवसांत गेले तरी माशाच्या मेंदूतले विकर पूर्वपदावर यायला काही आठवडे लागतात, कारण बिघडलेल्याच्या जागी शरीराला नवे तयार करावे लागते. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी ओढ्याला काय आले होते ते आज जाळ्यात सापडलेला मासा सांगू शकतो. कार्बारिलसारख्या कार्बामेट गटातल्या औषधांचा परिणाम मात्र काही तासांत ओसरतो, तिथे ही रीत लंगडी पडते. आणि सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधे, जी माणसाला त्या मानाने सौम्य आणि माशाला अतिशय घातक असतात, ती या विकराला मुख्यतः हात लावतच नाहीत. त्यांच्यासाठी दुसऱ्या खुणा बघाव्या लागतात. कल्ल्यांच्या पातळ पटलांची सूज आणि चिकटलेपण, यकृताची अवस्था, आणि रक्तातल्या लाल पेशी. माशाच्या लाल पेशीत आपल्यासारखे नसते. तिच्यात केंद्रक असते. पेशीच्या वारशाला धक्का बसला की केंद्रकाबाहेर एक बारीक तुकडा पडलेला दिसतो. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, हजारांत अशा किती पेशी निघतात ते मोजायचे. याला साधा सूक्ष्मदर्शक आणि भरपूर चिकाटी लागते. विषाचे नाव या खुणा सांगत नाहीत, पण काही तरी बिघडले आहे एवढे सांगतात.

माशाची साक्ष खरोखर उपयोगी पडते का, असा प्रश्न कोणी विचारील. १९६३ च्या अखेरीस मिसिसिपी नदीच्या खालच्या टप्प्यात सुमारे पन्नास लाख मासे मेले. रोग म्हणावा तर रोग सापडेना. तेव्हा डोनाल्ड माउंट आणि इतर शास्त्रज्ञांनी मरणाऱ्या माशांचे रक्त तपासले. प्रयोगशाळेत त्यांनी आधी हे ठरवून घेतले की रक्तात एंड्रीन किती झाले म्हणजे मासा मरतो, आणि किती असेपर्यंत जगतो. नदीतल्या माशांचे रक्त त्या मर्यादेशी ताडून पाहिले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले, आणि माग काढत चौकशी मेम्फिस येथील एंड्रीन बनवणाऱ्या कारखान्यापर्यंत गेली. कंपनीने आरोप नाकारला, हेही सांगितले पाहिजे. पण वाद आता अफवेवर नव्हता, मोजलेल्या आकड्यावर होता. हाच तो एंड्रीन, जो आपल्याकडच्या शेतांत पुढे कित्येक वर्षे फवारला जात होता.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. शिवमोगा जिल्ह्यात सागर तालुक्यात हंडिगोडू नावाचे गाव आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास तिथल्या गरीब शेतमजुरांत कंबर आणि गुडघे निकामी करणारा एक विचित्र आजार लक्षात आला. ही माणसे भाताच्या खाचरांतले खेकडे आणि मासे खात. खाचरांत कीटकनाशके मारली जाऊ लागली होती. साहजिकच संशय त्या खेकड्यांवर आणि औषधांवर गेला. संशय अगदी पटण्यासारखा होता. पुढे वर्षानुवर्षे तपासण्या झाल्यावर निष्पन्न झाले की तो हाडांचा आनुवंशिक विकार आहे, कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा. म्हणजे विषाला शिव्या घालणारे आपण सारे त्या बाबतीत वाट चुकलो असतो. याचा अर्थ कीटकनाशके निर्दोष आहेत असा मुळीच नाही. पटण्यासारखी गोष्ट आणि खरी गोष्ट यांत अंतर असते, आणि ते मोजल्यावाचून कळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जैविक खूण ओळखायची तर निरोगी माशाची नोंद आधी हवी. मेलेल्या शिंगटीच्या मेंदूत कोलिनेस्टरेज अमुक इतके निघाले, असे उद्या कोणी सांगितले तर त्याचा अर्थ काय लावायचा? ते कमी की पुरेसे? दूधगंगेतल्या धडधाकट शिंगटीत ते किती असते याचा आकडा हाताशी नसेल तर तो अहवालही त्या बाटलीसारखाच निरुपयोगी. मेलेल्या पक्ष्यांच्या बाबतीत अमेरिकेत असा संकेत आहे की निरोगी पक्ष्याच्या मानाने मेंदूतले विकर निम्म्याने घटलेले असेल तर मृत्यूचे कारण अशा विषाचे मानायला आधार मिळतो. माशांना असा एकच नियम लावता येत नाही. कुठल्या जाती बरीच घट सोसून जगतात, कुठल्या लवकर मरतात. रोहूचा आकडा वेगळा, मरळचा वेगळा. थंडीतला वेगळा, वैशाखातला वेगळा. बोटभर पिल्लाचा आणि शेरभर माशाचा तर वेगळाच. म्हणून नोंद इथली हवी, आपल्याच जातींची हवी, आणि मासे मरण्यापूर्वीची हवी.

अशा विषयावर आपल्या भागात संशोधन झालेले नाही असे नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात रोहू माशावर मॅलेथिऑनचे काय परिणाम होतात, त्याचे पोहणे आणि श्वसन कसे बिघडते, याचा अभ्यास होऊन तो २००८ साली प्रसिद्ध झाला. सायपरमेथ्रिनवरही तेथे काम झाले. हे काम मोलाचे आहे. पण देशभरातल्या या प्रकारच्या बहुतेक प्रबंधांची एक मर्यादा आहे, आणि ती मोकळेपणाने बोलून दाखवायला हरकत नसावी. ते काचेच्या टाकीतले असतात. मत्स्यबीज केंद्रातून आणलेली एका वयाची पिल्ले, मोजून घातलेले विष, शहाण्णव तास, आणि मग निष्कर्ष. मिसिसिपीच्या वेळी टाकीतला आकडा आणि नदीतला मासा एकमेकांशेजारी ठेवले गेले म्हणून काही उलगडले. आपल्याकडे टाकीतला आकडा ग्रंथालयात आहे, नदीतला मासा नदीत आहे, आणि दोघांची गाठ अजून पडायची आहे.

ती घालून देण्याचे काम सीमाभागातल्या महाविद्यालयांनी करावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. आपले विद्यार्थी दोन्ही बाजूंच्या गावांतून येतात. कोणत्याही सरकारी खात्याला जे अवघड आहे, म्हणजे सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा मासा एकाच दिवशी, एकाच रीतीने तपासणे, ते आपल्याला सहज शक्य आहे. मासा मारायचीही गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या वर्गांतले विच्छेदन थांबवायला सांगितले, ते योग्यच झाले. नदीवर जाळे टाकणारा कोळी रोज मासे धरतोच, आणि ते बाजारात विकले जातातच. काठावरच त्याच्याकडून चार शिंगट्या आणि दोन चिलापी विकत घ्याव्या. डोके आपले, बाकीचा मासा ज्याला रस्सा करायचा त्याचा. डोके बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणायचे, लांबी-वजन टिपायचे, जागा, तारीख, पाण्याचे तापमान लिहायचे, आणि त्या आठवड्यात काठच्या शेतांत कशावर कोणती फवारणी झाली हे शेतकऱ्याला विचारून घ्यायचे. हे शेवटचे काम यंत्राचे नाही, माणसाचे आहे; आणि दोन्ही भाषा बोलता येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याइतके ते कोणाला साधणार नाही.

ही नोंद असेल तर मासे मेल्यावर पहिल्याच दिवशी बरेच कळेल. रात्री प्राणवायू संपून मासे मेले असतील, उदाहरणार्थ उन्हाळ्याच्या शेवटी बरगे काढल्यावर साचलेले घाण पाणी एकदम खाली गेल्यामुळे, तर बहुधा मोठे मासे आधी जातात, पहाटे जातात, आणि हवेतून श्वास घेऊ शकणारी मरळ किंवा मागूर पुष्कळदा वाचतात. विषाने मेले तर लहान मासे आधी दिसतात, वेळकाळ राहत नाही, आणि मरळही सुटत नाही. जुन्या कोळ्यांना हे निरखून ठाऊक असते. त्याला मेंदूतल्या विकराच्या आकड्याची जोड मिळाली की साखर कारखान्याची मळी आणि शेतातले औषध यांत निवाडा करता येईल. आणि तिसरी शक्यताही तपासता येईल, जिच्याबद्दल सारे जण दबक्या आवाजात बोलतात. काही मंडळी डोहात औषध ओतून मासे धरतात. पाण्यात विष घालून मासे मारणे १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. पण पुरावा कोण देणार? असे मासे बाजारातही येतात.

या कल्पनेवर दोन आक्षेप येतील. एक म्हणजे, हे करून शेवटी शेतकऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीच्या महामार्गावर बसलेला, गोळ्या झेललेला शेतकरी ज्या मातीतला, त्या मातीत हा आक्षेप हलका मानून चालणार नाही. पण या विषाचा पहिला बळी कोण? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वेळी रक्तातले कोलिनेस्टरेज तपासण्याची सोय जिल्ह्यात हाताशी नव्हती, ही गोष्ट उघड झाली. तेच विकर, तीच मोजणी. माशाच्या मेंदूत जे घटते ते फवारणाऱ्याच्या रक्तातही घटते. ज्या महाविद्यालयाला माशाचे मोजता येते, त्याच्या शेजारच्या ग्रामीण रुग्णालयाला माणसाचे मोजा म्हणून आग्रह धरणे सोपे जाईल. शेतकऱ्याला दोषी ठरवण्यापेक्षा त्याच्या हातातल्या बाटलीची खरी किंमत त्याला सांगणे, हा या कामाचा उपयोग आहे. ती किंमत दुकानातल्या पावतीवर छापलेली नसते.

दुसरा आक्षेप मला खरोखर अडवतो. ‘दूधगंगेच्या माशात विष’ अशी बातमी एकदा छापून आली की बाजारात मासळीचा भाव पडेल, आणि ज्याने आपल्याला डोकी दिली त्याच कोळ्याच्या पोटावर पाय येईल. हे टाळायचे तर काय मोजले आणि काय मोजले नाही हे अगदी स्पष्ट सांगावे लागेल. मेंदूतले विकर घटले याचा अर्थ माशाचे मांस खाण्यास घातक आहे असा होत नाही. फॉस्फरसयुक्त औषधे मांसात डीडीटीसारखी साठून राहत नाहीत. मांसाची तपासणी निराळी असते आणि ती वेगळ्या यंत्रावर करावी लागते. ही घट सांगते ती नदीची प्रकृती. आकडे छापण्यापूर्वी ते काठावरच्या कोळ्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावेत आणि मगच वर्तमानपत्राकडे जावे, एवढा संयम आपल्या उत्साही मंडळींनी पाळला पाहिजे. पाळला जाईलच याची खात्री मी देत नाही.

खर्चाचे म्हणाल तर रसायने थोडकी लागतात, बर्फ बाजारात मिळतो, आणि ओल्या रानातून चालण्याला पैसे पडत नाहीत. अवघड आहे ते सातत्य. पहिले वर्ष झपाट्याने जाते, दुसऱ्या वर्षी पदवी घेऊन मुले निघून जातात, आणि वही कपाटात राहते. म्हणून वही विभागाची असावी, व्यक्तीची नव्हे, आणि तिच्यात मराठी व कानडी दोन्ही रकाने असावेत. कारण शिंगटीला पलीकडच्या गावात काय म्हणतात हे लिहिले नाही तर पुढच्या मुलाला आकडा कोणत्या माशाचा तेच कळणार नाही. सुरुवात मे महिन्यात करावी. फवारण्या थांबलेल्या असतात, नदी डोहांत उरलेली असते, मासा सापडतो. तोच निरोगी माशाचा आकडा म्हणून धरायला सर्वांत जवळचा. पुढची फेरी जुलै-ऑगस्टात, सोयाबीनवर फवारणी होऊन पहिला जोराचा पाऊस पडला की त्यानंतरच्या आठवड्यात. ठिकाणे दोनच पुरेत: एक सीमेच्या वर, कागलच्या बाजूला दूधगंगेवर, दुसरे खाली, भोजजवळ वेदगंगा मिळते त्याच्या पुढे. दोन्ही ठिकाणी एकाच सकाळी जायचे, म्हणजे एका मोटारसायकलीने भागणार नाही, दोन लागतील.